टीबीची जीन चाचणी : तपासतात ते जंतूला, खानदानाला नाही

"बेडक्याची जीन चाचणी करावी लागेल," असं दवाखान्यात सांगितलं की आपल्याकडे बऱ्याच घरांत चेहरे उतरतात. जीन म्हणजे खानदानी बीमारी, असा समज. मग मुलीच्या रिश्त्याचं काय, लोक काय म्हणतील, हे सुरू होतं आणि चाचणी राहून जाते. म्हणून आधीच स्पष्ट सांगू या : या चाचणीत रुग्णाचे नव्हे, टीबीच्या जंतूचे जीन तपासतात. टीबी आईबापांकडून रक्तात येत नाही. तो खोकल्यातून, हवेतून पसरतो.

मग जंतूचे जीन कशाला पाहायचे? टीबीवरचं एक प्रमुख औषध म्हणजे रिफॅम्पिसिन. जंतूच्या 'आरपीओबी' नावाच्या जीनमध्ये बारीकसा बदल झाला तरी हे औषध त्याच्यावर चालेनासं होऊ शकतं. 'दिन' आणि 'दीन' यांत फरक एका वेलांटीचा, पण अर्थ पार बदलतो, तसंच हे. रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड ही दोन्ही औषधं चालत नसतील, तर त्याला एमडीआर टीबी म्हणतात. औषधं अर्धवट सोडल्याने असा टीबी होऊ शकतो. पण ज्याला तो आहे त्याच्याकडून तो थेटही लागतो. म्हणजे ज्याने आयुष्यात टीबीची एक गोळी घेतलेली नाही, त्यालाही तो होऊ शकतो.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतात, पण त्यांच्यावर कोणतं औषध चालेल ते कळत नाही. प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहायचं, म्हणजे कल्चर करायचं, तर कित्येक आठवडे जातात. तोवर रुग्ण कदाचित न चालणाऱ्या गोळ्या घेत बसतो. गोवंडी, मुंब्रा, भिवंडी, मालेगावच्या दाट वस्तीत, एका खोलीत सहा-सात माणसं झोपतात तिथे, हे आठवडे सगळ्या घराला महाग पडतात.

जीन चाचणी हाच वेळ वाचवते. 'सीबीनॅट' मशीन सुमारे दोन तासांत दोन गोष्टी सांगते : टीबी आहे का, आणि रिफॅम्पिसिन चालेल का. जागतिक आरोग्य संघटनेने या तंत्राला २०१० मध्ये मान्यता दिली. गोव्यातल्या कंपनीने बनवलेलं 'ट्रूनॅट' बॅटरीवर चालतं, त्यामुळे ते छोट्या केंद्रातही ठेवता येतं. आयसोनियाझिडसाठी 'एलपीए' नावाची वेगळी जीन चाचणी असते. म्हणून पहिल्या रिपोर्टनंतर पुन्हा बेडका मागितला तर कंटाळू नका.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. मेलेल्या जंतूचे जीनही या मशीनला सापडू शकतात. त्यामुळे औषध लागू पडतंय का, हे बघायला डॉक्टर सूक्ष्मदर्शक आणि कल्चरचाच आधार घेतात.

आपण काय करायचं? दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, बेडक्यात रक्त, यांपैकी काही असेल तर सरकारी दवाखान्यात जा. तिथे चाचणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. खाजगी डॉक्टरांकडे असाल तर गोळ्या सुरू होण्याआधीच विचारा, "सीबीनॅट किंवा ट्रूनॅट करायचं का?" बेडका खोल खोकून काढलेला हवा, नुसती थुंकी चालत नाही.

आणि रिपोर्टमध्ये 'रेझिस्टन्स' आलं तरी धीर सोडू नका. पूर्वी या टीबीचा इलाज दीड-दोन वर्षं चालायचा, इंजेक्शनंही टोचावी लागायची. आता बेडाक्विलीन असलेला, फक्त गोळ्यांचा सहा महिन्यांचा इलाज आहे. भारत सरकारने त्याला २०२४ मध्ये मंजुरी दिली. तो कोणाला द्यायचा हे डॉक्टर तपासून ठरवतात. पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून दरमहा १००० रुपये खात्यात येतात, त्यासाठी नोंदणी करून घ्या. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे.

रिश्ता काही महिने थांबू शकतो. टीबी थांबत नाही.