कारवान कुत्रा आणि मालवण किनाऱ्याचे हवामान

दख्खनच्या पठारावरील कारवान जातीच्या कुत्र्यास पूर्वीच्या मुधोळ संस्थानावरून ‘मुधोळ’ असेही म्हणतात. २००५ साली भारतीय टपाल खात्याने काढलेल्या चार देशी श्वानजातींच्या तिकिटांत तिचा समावेश होता. २०१६ साली तिची पिले भूसेनेच्या मेरठ येथील केंद्रात नेण्यात आली. ही जात घाट उतरून सिंधुदुर्गात पाळावयाची झाल्यास मात्र तिच्या गुणांचा नव्याने विचार करावा लागतो. कारण जी शरीररचना तिला पठारावर समर्थ करते, तीच किनाऱ्यावर तिला अडचणीत आणते.

हे कुत्रे वासापेक्षा नजरेने सावजामागे धावते. खोल छाती, लवचीक कणा व लांब पाय यांमुळे भरधाव धावताना प्रत्येक झेपेत त्याचे चारही पाय दोनदा भूमीपासून सुटतात. अशा धावेत अल्पावधीत विपुल उष्णता निर्माण होते. कुत्र्यास माणसाप्रमाणे सर्वांगास घाम येत नाही. धापा टाकून जिभेवरील व श्वासमार्गातील ओलाव्याचे बाष्पीभवन करणे, हाच त्याचा मुख्य उपाय होय. कोरड्या हवेत तो पुरेसा ठरतो. मालवणच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावते आणि सावलीतही उष्माघात संभवतो. सबब व्यायाम पहाटेच द्यावा, आणि धाप थांबत नसल्यास अंगावर पाणी ओतून वारा घालावा.

व्यायाम टाळणे हा मार्ग नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार निषिद्ध झाली, तरी धावण्याची उपजत प्रेरणा उरलीच. कोंडलेले कुत्रे दार कुरतडते, कुंपण ओलांडते. समुद्रकाठची पुळण धावण्यास सोयीची खरी, परंतु हिवाळ्यापासून वायंगणी, तांबळडेग अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि मोकळे कुत्रे ती उकरून खाते. तेथे दोरी सोडू नये.

अधिक चिंता गोचिडांची. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले. हा विषाणू गोचिडांच्या दंशाने माणसास बाधतो. रान व काजूच्या बागा हिंडून आलेले कुत्रे गोचिडे घरात आणू शकते. त्याचे कान, बोटांच्या बेचक्या व काख रोज तपासाव्यात. आखूड केसांमुळे हे काम या जातीत सुलभ आहे. सापडलेली गोचीड चिमट्याने काढावी, बोटांनी चिरडू नये. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून उंदरांच्या मूत्रावाटे लेप्टोस्पायरोसिस होतो. त्याची व रेबीजची लस पशुवैद्याच्या सल्ल्याने वेळेवर टोचावी.

शस्त्रक्रियेचा प्रसंग आल्यास पशुवैद्यास जात अवश्य सांगावी. ग्रेहाउंडसारख्या मेद कमी असलेल्या धावऱ्या कुत्र्यांत थायोपेंटोन या भुलीच्या औषधाचा अंमल दीर्घकाळ टिकतो.