दांडी अडली, तर जोर नको

यंत्राची दांडी अडली की माणूस प्रथम जोर लावून पाहतो. नाणे टाकून दांडी ओढावयाच्या जुन्या अमेरिकन जुगारयंत्राच्या, म्हणजेच स्लॉट मशीनच्या बाबतीत हा उपाय फार महाग पडतो. कारण या यंत्राची दांडी अडणे हा पुष्कळदा बिघाड नसतोच. काहीतरी अपुरे राहिले आहे, अशी ती सूचना असते. ती समजून घेणे हीच दुरुस्तीची पहिली पायरी होय.

बव्हेरियातून अमेरिकेत गेलेल्या चार्ल्स फे या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्को येथे ‘लिबर्टी बेल’ हे तीन चाकांचे यंत्र तयार केले. त्याच्या चाकांवर नाल, चौकट, इस्पिक, बदाम आणि घंटा ही चित्रे होती. तिन्ही घंटा एका ओळीत आल्या म्हणजे पन्नास सेंट मिळत. पुढे शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीने या धर्तीची यंत्रे मोठ्या प्रमाणावर बनविली. तथापि 1934 साली न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी जप्त केलेली यंत्रे घणाने फोडून समुद्रात टाकविली. 1951 च्या अमेरिकन केंद्रीय कायद्याने त्यांच्या आंतरराज्य वाहतुकीवर कडक निर्बंध आले. जी यंत्रे वाचली ती आज संग्राहकांच्या घरी आढळतात. ती बाळगण्याविषयीचे नियम तेथे प्रत्येक राज्यात निराळे आहेत. अशा यंत्राचा ओतीव भाग मोडला, तर मूळ कारखान्यातून दुसरा मागविण्याची सोय उरलेली नाही.

या यंत्राला वीज लागत नाही; त्याला चालविते ते ओढणाऱ्याच्या हाताचे बळ. नाणे आत पडले की दांडीची अटक सुटते. दांडी ओढताना आतील स्प्रिंगा ताणल्या जातात, आणि ती टोकाला पोहोचली की चाके फिरू लागतात. मग घड्याळासारखी एक दातेरी जोडणी, लहानशा पंख्याच्या साह्याने वेळ मोजून, तिन्ही चाके एकामागून एक थांबविते. त्यानंतर लोखंडी बोटे चाकांलगतच्या तबकड्यांवरील छिद्रे चाचपतात आणि जिंकलेली नाणी खाली सुटतात. हा क्रम पुरा झाल्यावाचून यंत्र पुढच्या खेळाला तयार होत नाही.

म्हणून दांडी नेमकी कोठे अडते, हे आधी पाहावे. ती आरंभीच जराशी हलून थांबत असेल, तर यंत्राला नाणे पोहोचलेले नाही असे समजावे. वाकडे नाणे, वाटेतील मळ किंवा सुस्तावलेली तरफ ही त्याची नेहमीची कारणे. मागील खेळ अर्धवट राहिला असेल, तरीही हाच अनुभव येतो. अशा वेळी पंखा काडीने हलकेच ढकलावा. तो फिरून क्रम पुरा झाला, तर वाळून चिकट झालेले जुने तेल हेच मूळ होय.

दांडी मध्यावर अडली, तर ती मागेही येत नाही. अर्धी ओढून सोडण्याची लबाडी कोणी करू नये, म्हणून कारखान्यानेच तेथे दातेरी पट्टी व खिटी बसविलेली असते. तेव्हा दोष खिटीचा न मानता पुढचा अडथळा शोधावा. पैसे सोडणाऱ्या सरकत्या पट्ट्यांत अडकलेले नाणे, तुटलेली स्प्रिंग किंवा निसटलेला स्क्रू तेथे सापडण्याचा संभव असतो. दांडी खाली जाऊन वर येत नसेल, तर तिची परतीची स्प्रिंग आणि घट्ट झालेले ग्रीस तपासावे.

दोष निश्चित करण्याची एक सोपी युक्ती आहे. मागचे दार उघडून पैशांची पेटी काढली, की आतील सांगाडा बहुधा मागे सरकवून बाहेर घेता येतो; दांडी मात्र पेटीच्या कुशीलाच राहते. आता एकटी दांडी मोकळी चालली, तर दोष सांगाड्यात. नाही चालली, तर तिच्यातच. मात्र दांडी मध्यावर अडकली असताना सांगाडा हिसकून ओढू नये, आणि ताणलेल्या स्प्रिंगांच्या वाटेत बोटे घालू नयेत. जखम क्षणात होते.

जुने तेल रॉकेलने धुऊन, पुसून, सांध्यांना बारीक तेलाचा एकेक थेंब पुरे. नाण्यांच्या वाटा व सरकत्या पट्ट्या कोरड्याच ठेवाव्यात, कारण तेलावर धूळ बसते आणि रोग परत येतो. सुटा केलेला प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे. सर्व जोडल्यावर मागचे दार लावण्याआधी दहा-वीस वेळा नाणे टाकून दांडी सावकाश ओढावी. ती प्रत्येक वेळी एकाच लयीत खाली जाऊन वर आली, तर दार लावण्यास हरकत नाही.