शुक्राच्या भूमीवर १२७ मिनिटे

सूर्यमालेच्या शोधाची चर्चा बहुधा मंगळाभोवतीच फिरते. वास्तविक दुसऱ्या ग्रहाच्या भूमीवरून पृथ्वीकडे आलेले पहिले संकेत शुक्रावरचे होते. १५ डिसेंबर १९७० रोजी सोव्हिएत संघाचे ‘व्हेनेरा ७’ हे यान तेथे उतरले आणि सुमारे २३ मिनिटे अतिशय क्षीण संकेत पाठवीत राहिले.

शुक्राचे वातावरण मुख्यत्वे कार्बन डायऑक्साइडचे असल्याने आत शिरलेली सूर्याची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सहज बाहेर पडू शकत नाही. या हरितगृह परिणामामुळे तेथील तापमान ४६० अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे शिसे वितळावे इतके, असते आणि हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या सुमारे ९० पट भरतो. म्हणूनच उपकरणे भक्कम धातूच्या गोलात, उष्णतारोधक आवरणाखाली बसवून वातावरणात शिरण्यापूर्वीच थंड केली जात. एवढी दक्षता घेऊनही १९७८ मध्ये उतरलेल्या ‘व्हेनेरा ११’ व ‘व्हेनेरा १२’ यांच्या कॅमेऱ्यांची झाकणे निघालीच नाहीत आणि, कोट्यवधी किलोमीटरचा प्रवास करूनही, एकही छायाचित्र मिळाले नाही.

ती उणीव ‘व्हेनेरा १३’ने भरून काढली. १ मार्च १९८२ रोजी उतरलेले हे यान ३२ मिनिटे टिकावे अशी अपेक्षा होती; ते १२७ मिनिटे चालले आणि त्याने शुक्रभूमीची पहिली रंगीत छायाचित्रे पाठविली, ज्यांत चपट्या खडकांवर नारिंगी प्रकाश पसरलेला दिसतो, कारण तेथील दाट वातावरणातून निळा प्रकाश जमिनीपर्यंत फारसा पोहोचतच नाही.