फोकस नेमका कुठे गेला?

‘फोटो आऊट आलाय’ या एका तक्रारीखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. कॅमेऱ्याला फोकस लागलाच नाही, ही एक. लागला पण भलतीकडेच, ही दुसरी. आणि फोकस बरोबर होता, फोटो वेगळ्याच कारणाने पुसट झाला, ही तिसरी. नवा कॅमेरा घेतलेला माणूस तिन्हींना ‘ऑटोफोकस बिघडलाय’ म्हणतो आणि थेट दुकान गाठतो. त्याआधी घरी तासभर शांतपणे बसलं, तर बहुतेक वेळा कारण सापडतं.

सुरुवात फोटो संगणकावर पूर्ण मोठा करून पाहण्यापासून करा. चेहरा पुसट आहे, पण मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीखसुद्धा वाचता येते? मग फोकस चेहरा सोडून भिंतीवर बसलाय. कुठेच काही स्पष्ट नाही आणि दिव्यांचे ठिपके एकाच दिशेने लांबट झालेत? मग हात हललाय. घर सगळं स्पष्ट, फक्त धावणारं पोर पुसट? मग शटरचा वेग कमी पडला. घरातल्या दिव्यात कॅमेरा आपणहून 1/60 सेकंदावर उतरतो, आणि पळत्या मुलांना किमान 1/250 तरी लागतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर सावरतं, मुलाची धाव थांबवू शकत नाही. हे तिसऱ्या प्रकारचे फोटो एकदा बाजूला काढले की तक्रारींचा मोठा गठ्ठा तिथेच हलका होतो.

आता खरा फोकसचा प्रश्न. पेन्सिल नाकासमोर धरून एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा मिटला, तर पेन्सिल सरकल्यासारखी दिसते. फेज डिटेक्शन नावाची पद्धत याच फरकावर चालते. लेन्सच्या दोन कडांकडून आलेल्या दोन प्रतिमा कॅमेरा ताडून पाहतो, आणि त्यांच्यातल्या अंतरावरून लेन्स कुठल्या दिशेला, किती फिरवायची ते ठरवतो. आरसा असलेल्या डीएसएलआरमध्ये हे काम कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेला वेगळा भाग करतो. मिररलेसमध्ये ते फोटो टिपणाऱ्या सेन्सरवरच होतं. दुसरी पद्धत कॉन्ट्रास्टची. तिच्यात दिशा कळत नाही, म्हणून कॅमेरा लेन्स पुढेमागे करत सगळ्यात ठळक कड शोधतो.

दोन्ही पद्धतींना एक गोष्ट हवीच: पकडायला कड. कोऱ्या भिंतीवर, एकरंगी कुडत्यावर किंवा ढगाळ आभाळावर फोकसची चौकट ठेवली, तर लेन्स गुरगुरत पुढेमागे होत राहते. कासच्या पठारावर सप्टेंबरात धुकं उतरलं की उत्तम कॅमेरेही असेच चाचपडतात, कारण धुक्यात कडाच विरघळतात. अशा वेळी चौकट त्याच अंतरावरच्या एखाद्या ठळक गोष्टीवर न्यावी: कॉलरची शिवण, दगडाची धार, पाकळी आणि देठ जुळतात ती रेघ. आणखी एक उपाय फार थोडे लोक करून पाहतात. बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांच्या सेन्सरला उभ्या रेघा चांगल्या कळतात, आडव्या कळत नाहीत. आडव्या पट्ट्यांच्या पडद्यावर फोकस लागत नसेल, तर कॅमेरा क्षणभर उभा धरून पाहा.

तरीही लागत नसेल, तर लेन्सच्या अंगावरचं एएफ-एमएफ (ऑटो की हाताने फोकस) बटण पाहा. पिशवीतून काढताना ते सहज सरकतं. मग अंतर मोजा. बहुतेक 18-55 किट लेन्स सुमारे 25 सेंटीमीटरपर्यंतच जवळ जाऊ शकतात, आणि 50 मिमीच्या लोकप्रिय एफ/1.8 लेन्सना 30 ते 45 सेंटीमीटर लागतात. हे अंतर लेन्सच्या टोकापासून नाही, तर कॅमेऱ्याच्या माथ्यावर गोलाला छेदणारी रेघ असते तिथपासून मोजायचं. मोठ्या टेलीलेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारं बटणही असतं. ते ‘दूर’वर राहिलं, तर जवळचा पक्षी काही केल्या सापडत नाही. आणि मुंबईच्या बोरा बाजारातून जुनी लेन्स स्वस्तात घेतली असेल, तर आधी मोटर कुठे आहे ते विचारा. नायकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्स कॅमेऱ्यातल्या मोटरवर फिरतात. ती मोटर डी3500 किंवा डी5600 मध्ये नाहीच, त्यामुळे तिथे हातानेच फोकस करावा लागतो. यात बिघाड काहीच नसतो.

सगळ्यात जास्त फोटो मात्र फोकस भलतीकडे लागल्याने वाया जातात. नवा कॅमेरा सहसा ‘ऑटो एरिया’वर असतो, म्हणजे फोकस कशावर लावायचा ते तोच ठरवतो, आणि जे जवळ किंवा ठळक असेल त्यावर झडप घालतो. हळदीच्या फोटोत नवरीच्या चेहऱ्याऐवजी पुढे आलेला काकूंचा हात स्पष्ट येतो तो यामुळे. बसलेल्या माणसासाठी एकच छोटी चौकट निवडा आणि ती स्वतः डोळ्यावर न्या. कॅमेऱ्यात डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती चालू करा. माणूस हलता असेल, तर सतत फोकस करणारा मोड हवा. कॅननमध्ये त्याला सर्व्हो म्हणतात, नायकॉन, सोनी आणि फुजीमध्ये एएफ-सी.

मधल्या चौकटीने फोकस धरून मग कॅमेरा वळवण्याची जुनी सवय इथे घात करते. दीड मीटरवरच्या डोळ्यावर फोकस धरून कॅमेरा पंधरा अंश वळवला, की फोकसची पातळी सुमारे पाच सेंटीमीटर मागे जाते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 50 मिमी लेन्स एफ/1.8 ला उघडली, तर एक मीटरवर स्पष्टतेची एकूण पट्टी जेमतेम चार सेंटीमीटरची असते, दीड मीटरवर ती दहाच्या आसपास जाते. म्हणजे पाच सेंटीमीटरची चूक डोळा त्या पट्टीच्या कडेला ढकलते आणि कान लख्ख येतो.

उन्हाळ्यात भिगवणला दुपारी दूरचे फ्लेमिंगो पुसट येतात त्याचा दोष मात्र ना कॅमेऱ्याचा, ना आपला. पाण्यावरची तापलेली हवा लहरते. तिथे पहाटे जाणं हाच इलाज.

एवढं करूनही शंका उरली, तर चाचणी घ्या. टेबलावर चहाचा पुडा उभा ठेवा, छापील बाजू कॅमेऱ्याला अगदी समोर. शेजारी फूटपट्टी तिरकी टेकवा, तिची मधली खूण पुड्याच्या छापील पातळीत येईल अशी. भरपूर उजेड घ्या, कॅमेरा ट्रायपॉडवर दीड-दोन मीटर लांब लावा, ॲपर्चर पूर्ण उघडा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि चौकट पुड्यावरच्या अक्षरांवर ठेवा. आठ-दहा फोटो काढा. दर फोटोआधी फोकसची रिंग मुद्दाम फिरवून बिघडवा, म्हणजे कॅमेऱ्याला प्रत्येक वेळी नव्याने शोधावं लागेल.

मग पट्टी पाहा. मधली खूण स्पष्ट असेल तर कॅमेरा निर्दोष आहे. प्रत्येक फोटोत स्पष्ट भाग सारखाच पुढे किंवा सारखाच मागे असेल, तर जुळणीत फरक आहे. कधी पुढे, कधी मागे असेल, तर उजेड वाढवून पुन्हा पाहा. तरी तसंच राहिलं, तर लेन्सच्या यंत्रणेवर संशय घ्यायला हरकत नाही. डीएसएलआर असेल तर हीच चाचणी लाइव्ह व्ह्यूमध्ये करा. पडद्यावरून पाहून काढलेले फोटो स्पष्ट आणि व्ह्यूफाइंडरमधून काढलेले पुसट आले, तर तळाचा तो वेगळा भाग आणि सेन्सर यांचा मेळ चुकलाय. वरच्या किमतीच्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये हा फरक मेन्यूतून लेन्सनिहाय सुधारता येतो. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये सहसा येत नाही. मिररलेसमध्ये मोजणारा आणि टिपणारा सेन्सर एकच, म्हणून हा दोष क्वचितच दिसतो.

सर्व्हिस सेंटरला जाताना हे चाचणीचे मूळ फोटो कार्डात तसेच ठेवून न्या. कुठली लेन्स, किती ॲपर्चर, किती वेग, हे त्यांच्यातच नोंदलेलं असतं. शक्य असेल तर तीच लेन्स मित्राच्या कॅमेऱ्यावर आणि त्याची आपल्या कॅमेऱ्यावर लावून पाहा, म्हणजे दोष कुणाकडे आहे ते आधीच कळेल. आणि जमा करताना बॉडी आणि लेन्स दोन्ही द्या. दोष जोडीच्या जुळणीत असेल, तर एकटी लेन्स तपासून ‘ठीक आहे’ म्हणून परत येते.