वेदना आणि दुसरा बाण

संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. शरीराची वेदना हा पहिला बाण. तिच्यापायी होणारा शोक हा दुसरा. श्रुतवान आर्यश्रावक पहिलाच बाण सोसतो.

अमरावती-अकोल्याच्या अनेक बौद्ध कुटुंबांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात व हाडे असह्य दुखतात. अशा वेळी ‘सोंग करतो’ वा ‘पूर्वकर्माचे फळ’ असे म्हणणारे आपण दुसरा बाण मारतो. सर्वच वेदना पूर्वकर्मामुळे होतात, हे मत तथागतांनी सीवकसुत्तात नाकारले. पित्त, कफ, वात, ऋतुबदल हीही कारणे त्यांनी सांगितली.

म्हणून रुग्णाने वेदना कशाने उठते, हे वहीत टिपावे. भरपूर पाणी प्यावे. थंडी, वऱ्हाडी ऊन व अतिश्रम टाळावेत. डॉक्टरांनी दिलेली औषधे नियमित घ्यावीत. ताप आला, छातीत दुखू लागले वा धाप लागली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. घरच्यांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा. स्वयंदीप होणे म्हणजे एकटे पडणे नव्हे. आनापानसतीने दुसरा बाण उपटता येतो. पहिल्यासाठी उपचारच हवेत.