दौलताबादच्या अलीकडे गाडी का अडते? ट्रेन सिम्युलेटरबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मनमाडहून निघालेली गाडी पोटूळ सोडते, वेग धरते आणि दौलताबाद स्टेशनात शिरण्याआधीच्या होम सिग्नलला लाल दिवा बघून थांबते. दिवा काही केल्या बदलत नाही. गेम बंद करून पुन्हा चालू केला, इंजीन बदललं, डबे कमी केले, तरी गाडी त्याच खांबापाशी उभी. छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल भागातली काही मुलं घरच्या कॉम्प्युटरवर मनमाड ते जालना हा रेल्वेमार्ग बांधत आहेत आणि या एका जागेने त्यांना पार जेरीस आणलं होतं. खुद्द हर्सूलला रेल्वे नाही. टी-पॉइंटवरून सगळं शहर ओलांडून दक्षिणेला स्टेशनवर जावं, तेव्हा गाडी दिसते. तरीही लासूर, रोटेगाव, नगरसोल या स्टेशनांच्या लूपलाइनी, म्हणजे गाडी बाजूला उभी करायचे रूळ, त्यांना तोंडपाठ आहेत.

त्यांचं काम ओपन रेल्सवर चालतं. मायक्रोसॉफ्टने 2001 साली ट्रेन सिम्युलेटर काढला. त्यात सहा मार्ग होते, भारतातला एकही नव्हता. त्याची पुढची आवृत्ती 2009 मध्ये ती बनवणारा स्टुडिओच बंद झाल्यामुळे बारगळली. मग जगभरच्या हौशी प्रोग्रामरांनी त्याच जुन्या फायली वाचणारा ओपन रेल्स हा मोफत सिम्युलेटर लिहिला. त्याची 1.0 ही आवृत्ती 2015 साली आली. आपल्याकडचा मार्ग हवा असेल, तर रूळ, सिग्नल, प्लॅटफॉर्म सगळं कुणीतरी हाताने मांडावं लागतं. हाताने मांडलेल्या गोष्टीत बिघाड कुठे शिरला, हे शोधताही येतं. आड येतात ते बिघाडाबद्दलचे पक्के झालेले समज.

“कॉम्प्युटर कमी पडतोय”

हे पहिलं निदान आणि बहुतेक वेळा चुकीचं. मशीन कमी पडलं की चित्र अडखळतं, झाडं-घरं उशिरा उमटतात, कधी प्रोग्रामच बंद पडतो, आणि हे आज इथे तर उद्या तिथे होतं. दर वेळी त्याच खांबापाशी येणारा लाल दिवा ग्राफिक्स कार्डामुळे येत नाही. बिघाड जागा बदलत नसेल, तर तो मार्गाच्या फायलींत आहे असं धरून कामाला लागावं. दुसऱ्या मशीनवर तोच मार्ग चालवून बघितला की शंका उरत नाही. नव्या कार्डासाठी घरी हट्ट धरण्याआधी एवढी चाचणी कराच.

“रूळ जोडलेला दिसतोय, म्हणजे जोडलेला आहे”

खरी गोम इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

सिम्युलेटरमध्ये रूळ दोन ठिकाणी असतो. एक डोळ्यांना दिसणारा. सगळा प्रदेश 2048 मीटर बाजूच्या चौकोनांत वाटलेला असतो आणि प्रत्येक चौकोनाच्या फाईलमध्ये तिथल्या रुळाचे तुकडे, झाडं, इमारती कुठे ठेवल्या आहेत ते लिहिलेलं असतं. मनमाड ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर सुमारे 113 किलोमीटर, म्हणजे रूळ अगदी सरळ गेला तरी असे पंचावन्नच्या वर चौकोन होतात. दुसरा रूळ असतो ट्रॅक डेटाबेसमध्ये. तिथे चित्र नाही, नुसत्या नोंदी: हा सलग रूळ, हा सांधा (रूळ फुटतो ती जागा), हा रुळाचा शेवट, आणि कशाला काय लागून आहे. गाडी, सिग्नल आणि समोरून येणाऱ्या गाड्या चालतात त्या या दुसऱ्या रुळावर. शेत बांधावरून कितीही सलग दिसलं, तरी व्यवहार सातबाऱ्यावरच्या नोंदीनेच होतो, तसंच हे.

दौलताबादला नेमकं हेच झालं होतं. होम सिग्नलच्या पुढे, सांध्याच्या अलीकडे, रुळाचा एक तुकडा काढून कुणीतरी तिथे जरा आखूड तुकडा बसवला होता. फट इतकी बारीक की खडीच्या चित्रात ती दिसतच नव्हती. डेटाबेसने मात्र फटीच्या दोन्ही बाजूंना ‘इथे रूळ संपला’ अशी नोंद करून ठेवली. गाडीचा आखलेला मार्ग त्या जागी तुटला आणि पुढची वाट मिळत नसल्यामुळे सिग्नल लालच राहिला. तो आपलं काम चोख करत होता.

ही फट स्क्रीनवर झूम करून शोधणं म्हणजे डोळ्यांना त्रास. ओपन रेल्सबरोबर ट्रॅक व्ह्यूअर नावाचं साधन मिळतं. ते डेटाबेसमधला रूळ नकाशासारखा रेषांनी काढून दाखवतं आणि सांधे, शेवट, सिग्नल वेगळ्या खुणांनी मांडतं. मुलांनी त्यात दौलताबाद मोठं करून बघितलं. साइडिंगच्या टोकाला बफर असतो, तिथे ‘शेवट’ची खूण असणं साहजिक आहे. पण मेन लाइनच्या ऐन मध्यात तशा दोन खुणा एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. मग टीएसआरई या एडिटरमध्ये तो आखूड तुकडा काढला, नवा तुकडा आधीच्या रुळाच्या टोकाला नीट पकडवून बसवला आणि उरलेली जागा हवा तेवढा लांब-वाकडा करता येणाऱ्या डायनॅमिक ट्रॅकने भरली. सेव्ह केलं, गाडी सोडली, आणि पोटूळकडून येताना होम सिग्नल लांबूनच उघडा दिसला.

“सिग्नलच बिघडलाय”

लाल दिव्याची कारणं वेगवेगळी असतात आणि त्यातली काही अगदी रास्त असतात. आपला हा मार्ग बराचसा एकेरी आहे, दुहेरीकरणाचं काम अजून चालू आहे. एकेरी मार्गावर समोरून तपोवन एक्स्प्रेस येत असेल, तर क्रॉसिंग होईपर्यंत आपली गाडी लूपमध्ये उभी राहणारच. सिम्युलेटर तेच करतो आणि ते बरोबरच करतो. म्हणून आधी बाकी सगळ्या गाड्या काढून एकटं इंजीन त्याच वाटेने सोडावं. दिवा उघडला, तर प्रश्न वाहतुकीच्या आखणीचा आहे. तरीही लालच राहिला, तर रूळ, आखलेला मार्ग किंवा सिग्नलची जोडणी तपासायची. जोडणी तपासताना सिग्नलचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते हमखास बघावं. खांब दिसतो एकीकडे आणि नोंद असते उलट्या दिशेची, असं पुष्कळदा सापडतं. टॅब दाबून लाल दिवा ओलांडायची परवानगी मागता येते. पण ती पळवाट झाली, दुरुस्ती नव्हे.

“आपलं ब्रॉडगेज आहे, म्हणून गाडी घसरते”

निजामाच्या राजवटीत 1900 साली या शहरात रेल्वे आली ती मीटरगेजची, म्हणजे 1000 मिलिमीटर रुंदीची. 1990च्या दशकात ती 1676 मिलिमीटरच्या ब्रॉडगेजमध्ये बदलली. परदेशी हौशी लोकांनी बनवलेले रुळाचे तुकडे बहुधा 1435 मिलिमीटरचे असतात. त्यावर आपले डबे ठेवले की चाकं रुळाच्या बाहेर आलेली दिसतात. दिसायला ते वाईटच आणि मन लावून मार्ग बांधणाऱ्याला ते खटकायलाच हवं. पण गाडी त्यामुळे घसरत नाही. ती चालते रुळाच्या मधोमध कल्पिलेल्या एका रेषेवर आणि त्या रेषेला रुंदी नसते. गाडी घसरत असेल, तर जोड तपासा. ब्रॉडगेजचे तुकडे हौसेने जरूर वापरा, दुरुस्ती म्हणून वापरू नका.

“सगळं उडवून पुन्हा इन्स्टॉल करा”

हा सल्ला चटकन दिला जातो आणि त्यात जास्त नुकसान होतं. मार्गातली फट मार्गाच्या फोल्डरमध्ये असते. प्रोग्राम नव्याने टाकला तरी ती जशीच्या तशी राहते. शिवाय एक धोका आहे. ग्लोबल फोल्डरमध्ये टी-सेक्शन नावाची एक फाईल असते. रुळाच्या प्रत्येक तुकड्याची लांबी, वळण, सांध्याचा कोन यांचा कोश म्हणजे ही फाईल. तिच्या वेळोवेळी नव्या आवृत्त्या येतात, त्यांत नवे तुकडे भरलेले असतात. मार्ग नव्या कोशावर बांधलेला आणि पुन्हा इन्स्टॉल करताना आला जुना कोश, की डेटाबेस ज्या तुकड्याचा क्रमांक सांगतो तो कोशात सापडतच नाही. एका फटीसाठी केलेला उपाय साऱ्या मार्गाला भोवतो. ‘माझ्याकडे चालतं, त्याच्याकडे चालत नाही’ ही तक्रार ऐकली की मी पहिल्यांदा दोघांच्या टी-सेक्शनची आवृत्ती विचारतो.

“लॉगमध्ये शेकडो ओळी आहेत, मार्गाची वाट लागलीय”

नाही. ओपन रेल्स दर वेळी डेस्कटॉपवर लॉग लिहितो, फक्त ऑप्शन्समध्ये ते चालू असावं लागतं. त्यातल्या बहुतेक ओळी साध्या इशाऱ्यांच्या असतात: एखाद्या झाडाचं चित्र मिळालं नाही, एखादा आवाज सापडला नाही. तिथे जीव आटवू नये. ‘एरर’ असं लिहिलेल्या ओळी आधी वाचाव्यात आणि त्यांतही सर्वांत वरची, कारण खालच्या बऱ्याचदा तिच्याच पोटी आलेल्या असतात. पुढच्या वेळी गेम चालवला की जुना लॉग पुसला जातो, तेव्हा कामाचा लॉग दुसऱ्या नावाने ठेवून द्यावा.

“चढावर इंजीन दम टाकतं, म्हणजे इंजिनाची फाईल चुकीची”

मराठवाड्याचा मार्ग बांधताना जमिनीची उंची बहुधा अवकाशातून केलेल्या मोजण्यांवरून घेतात. त्यांत सर्वांत जास्त वापरली जाते ती फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानातून रडारने केलेली मोजणी. तिच्यात साधारण दर 30 मीटरवर एक आकडा मिळतो आणि त्यात काही मीटरची चूक असू शकते. रडारला झाडाचा शेंडा आणि जमीन यांतला फरक नेहमी कळतोच असं नाही. रेल्वेने भराव टाकून किंवा खोदून केलेली सपाटीही त्यात धड उतरत नाही. आता हिशोब करा. शेजारच्या दोन आकड्यांत 3 मीटरचा फरक आला आणि रूळ त्याबरहुकूम टाकला, तर चढ झाला दहास एक. कसारा घाटातला सदतीसास एक हा चढ चढायला गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. दहास एकच्या चढावर कुठलंही मालगाडीचं इंजीन हात टेकणारच आणि तेवढ्याच तीव्र उतारावर कपलिंगला हिसका बसून ती तुटणार.

म्हणून इंजिनाची अश्वशक्ती वाढवण्याआधी एफ5 दाबून पडद्यावर दिसणारा चढाचा आकडा बघत चालवावं. आकडा अचानक उडी मारतो तिथे रूळ सरळ करायचा आणि जमीन रुळाच्या उंचीला आणायची. जमिनीच्या मागे रूळ नेऊ नये. खऱ्या रेल्वेनेही इथे टेकड्यांच्या कुशीतून चढ राखूनच वाट काढली आहे.

“डेटाबेस रिबिल्ड केला की सगळं ठीक होतं”

कधी होतं, कधी आणखी बिघडतं. रिबिल्ड म्हणजे चौकोनांच्या फायली वाचून नोंदी नव्याने लिहिणं. फट खरीच असेल, तर नव्या नोंदींतही फटच येणार. ज्या सिग्नलची वा प्लॅटफॉर्मची जागा रुळाशी जुळत नाही, ते या प्रक्रियेत गळूही शकतात. मार्गाच्या अख्ख्या फोल्डरची तारीख घातलेली कॉपी काढल्याशिवाय या बटणाला हात लावू नये. एवढी शिस्त हवीच.

“स्टेशनचं नाव बदललं तर काही बिघडत नाही”, “सगळंच बिघडतं”

ऑक्टोबर 2025 मध्ये औरंगाबाद स्टेशनचं नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं आणि एडब्ल्यूबी हा जुना कोड जाऊन सीपीएसएन आला. मुलांनी साहजिकच आपल्या मार्गातही नाव बदललं. त्यानंतर काही गाड्या स्टेशनात नीट थांबत होत्या आणि काही न थांबता मुकुंदवाडीकडे निघून जात होत्या. वर दिलेले दोन्ही समज मग हिरिरीने मांडले गेले.

ओपन रेल्समध्ये गाडी चालवायचे दोन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅक्टिव्हिटीत थांबा प्लॅटफॉर्मच्या क्रमांकाने ओळखला जातो. नाव काहीही ठेवा, क्रमांक तोच असेपर्यंत गाडी थांबते. मात्र प्लॅटफॉर्म काढून नव्याने ठेवला, तर त्याला नवा क्रमांक मिळतो आणि जुन्या अ‍ॅक्टिव्हिटीला तो सापडत नाही. टाइमटेबल पद्धतीत सगळं उलटं आहे. तिथे तक्त्याच्या पहिल्या रकान्यात स्टेशनचं नाव लिहायचं असतं आणि ते डेटाबेसमधल्या नावाशी अक्षरशः जुळावं लागतं. मुलांच्या टाइमटेबलात अजून जुनं नाव होतं. ते बदलल्यावर एक सोडून सगळ्या गाड्या थांबू लागल्या. उरलेली गाडी दुसऱ्या फाईलमधली होती आणि त्या फाईलमध्ये ‘छत्रपती’ आणि ‘संभाजीनगर’ यांच्यामध्ये दोन स्पेस पडल्या होत्या. डोळ्यांना तो फरक दिसत नाही, प्रोग्रामला दिसतो. नाव हाताने टाइप न करता डेटाबेसमधून कॉपी करून चिकटवायचं, हा नियम मुलांनी तेव्हापासून पाळला आहे.

फाईल सेव्ह करतानाही जपावं लागतं. मायक्रोसॉफ्टच्या मूळ सिम्युलेटरच्या एडिटरला फायली युनिकोडच्या ठरावीक प्रकारातच लागतात. नोटपॅडमध्ये उघडून दुसऱ्या प्रकारात सेव्ह केलेली फाईल त्याला वाचता येत नाही, मग आतलं प्रत्येक अक्षर बरोबर असलं तरी. मुलांचा मार्ग आता करमाडच्या पुढे सरकला आहे. बदनापूरचे सांधे बसवून झाले, की जालना यार्डाचं काम हाती घ्यायचं ठरलं आहे.