रद्दीत गेलेल्या वह्या

गेल्या महिन्यात एका दिवंगत शाहिरांच्या घरी आम्ही गेलो होतो. गाण्यांच्या वह्या कुठे आहेत, असे विचारले. सूनबाई म्हणाल्या, "साहेब, घराला रंग काढला तेव्हा रद्दीवाल्याला दिल्या." यावर काय बोलणार? दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, तिथे ट्रंकेला जागा कुठली? दोष त्या माउलीचा नाही. शाहीर हयात असताना दर जयंतीला आम्ही त्यांच्या गळ्यात हार घातला, वह्या मात्र कधी मागितल्या नाहीत.

खुद्द बाबासाहेबांच्या कागदांची काय दशा झाली? महापरिनिर्वाणानंतर ते दिल्लीत २६, अलीपूर रोडच्या बंगल्यात होते. जानेवारी १९६७ मध्ये खोल्या रिकाम्या करताना ते अंगणात टाकले गेले आणि रात्रीच्या पावसात भिजले. उरले ते पेट्यांत बंद होऊन कोर्टाच्या ताब्यात गेले. नागपूरचे वकील जे. बी. बन्सोड यांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात धाव घेतली. मागणी साधीच होती: हे अप्रकाशित लेखन शासनाने छापावे, नाही तर मला छापू द्यावे. १९७६ मध्ये राज्य शासनाने प्रकाशन समिती नेमली आणि वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ मध्ये पहिला खंड निघाला. 'रिडल्स इन हिंदुइझम' १९८७ मध्ये छापले गेले, लेखकाच्या पश्चात ३१ वर्षांनी! पेट्या उघडल्याच नसत्या, तर ज्यावरून एवढे रान पेटले तो ग्रंथ आपल्याला वाचायला मिळाला नसता. सरकारवर विसंबावे, तर खंडांच्या रखडलेल्या छपाईची २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

आता थोडे कायद्याचे. कागद आणि त्यावरचा मजकूर या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत. पत्र ज्याला आले, तो कागदाचा मालक. मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा, साधारणपणे मृत्यूनंतर ६० वर्षे. म्हणून ट्रंक एखाद्या ग्रंथालयाला देताना सर्व वारसांच्या सह्यांनिशी लेखी करावे: नुसते कागद दिले की छापण्याचा हक्कही, कोणाला पाहू द्यायचे, खाजगी पत्रे किती वर्षे बंद ठेवायची. तोंडी व्यवहारातून दोन भावांत दावे लागलेले आम्ही पाहिले आहेत. तोवर वाळवीला कोणाचाच स्थगिती आदेश नसतो.

फोटोंचे हाल तर विचारू नका. नामांतराच्या मोर्चाचा फोटो, त्यात वीस माणसे. नाव फक्त पुढाऱ्याचे ठाऊक. बाकीचे लाठ्या खाऊन, तुरुंगात जाऊन आले, त्यांची नावे सांगणारे आज सत्तरीत आहेत. त्यांच्याजवळ बसून मागच्या बाजूला नावे, गाव, साल लिहून घ्या. पेन्सिलीने, हलक्या हाताने. शाई पुढच्या बाजूला उतरते.

शनिवारी दुपारी आम्ही मोकळे असतो. ज्यांच्या घरी अशी ट्रंक असेल त्यांनी यावे, देणगीपत्राचा मसुदा विनामूल्य करून देऊ. फक्त घराला रंग काढायच्या आधी या.